फायटर जेटचा ‘तज्ज्ञ’ नेमका कुठे उभा होता?

ज्यांना बसमध्ये इअरफोन सापडत नाहीत त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे या भागाची ही लेखी आवृत्ती. बोलताना जिथे अडखळलो ते काढून टाकलंय, बाकी जसंच्या तसं.

डिसेंबरात चार दिवस गावी, अजिंठ्याला गेलो होतो. बॅग खाली ठेवली नाही तोच काकूंनी मोबाइल हातात दिला. “तू इंजिनिअर आहेस ना? मग सांग बरं, हा माणूस खरं बोलतोय का खोटं?”

अठरा मिनिटांचा व्हिडिओ होता. थंबनेलवर पेटलेलं विमान आणि लाल अक्षरांत ‘उडती शवपेटी?’ बोलणारा हवाई दलातला निवृत्त अधिकारी. २१ नोव्हेंबर २०२५ ला दुबईच्या एअर शोमध्ये आपलं तेजस कोसळलं, वैमानिक गेला. त्याच रात्री हा व्हिडिओ आला होता. विमान का पडलं, तेजसमध्ये मुळातच काय चुकलंय, कुणी काय लपवलं, सगळं ठामपणे सांगून मोकळा!

काकूंना विमानांत रस नाही. त्यांना रस आहे त्यांच्या पोरात. आमचा धाकटा बारावीला आहे, आठवीपासून एकच ध्यास, एनडीए आणि मग एअर फोर्स. फॉर्म भरायची मुदत चालू होती आणि काकूंनी हा व्हिडिओ पाहून सांगून टाकलं होतं, फॉर्म भरायचा नाही. धाकटा दोन दिवस नीट जेवला नव्हता.

आता खरं सांगतो, मी सॉफ्टवेअरवाला. माझा आणि विमानाचा संबंध पुणे ते बंगळुरू एवढाच, तोही खिडकी मिळाली तर. पण एक काम मी रोज करतो. लोकांनी पाठवलेले बग रिपोर्ट वाचतो आणि ठरवतो की यातलं किती धरायचं, किती सोडायचं. “ॲप चालत नाही” असा रिपोर्ट आला की आम्ही विचारतो: कुठलं व्हर्जन? कुठला फोन? नेमकं काय केल्यावर बंद पडलं? आणि तुम्ही स्वतः पाहिलंत का कुणी सांगितलं? काकूंना म्हटलं, “मला एक दिवस द्या.”

दहा नंबरच्या लेणीतली सही

दुसऱ्या दिवशी धाकट्याला घेऊन लेण्यांवर गेलो. फर्दापूरच्या टी-पॉइंटला गाडी लावली, तिथून बसने वर. लहानपणापासून शंभरदा पाहिलंय, पण यावेळी त्याला मुद्दाम दहा नंबरच्या लेणीत नेलं. तिथे एका खांबावर जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने आपलं नाव आणि तारीख कोरून ठेवली आहे, एप्रिल १८१९. शिकारीला आला होता, लेणी दिसली, नाव खरडून गेला.

गंमत अशी की ती सही आज आपल्या डोक्याच्या वर आहे, हात पुरत नाही. स्मिथ काही राक्षसाएवढा उंच नव्हता. तेव्हा लेणीत शेकडो वर्षांचा दगडमातीचा ढिगारा साचला होता आणि तो त्या ढिगाऱ्यावर उभा होता. नंतर ढिगारा काढला, जमीन खाली गेली, सही वरच राहिली.

धाकट्याला म्हटलं, “नुसती सही पाहून ‘स्मिथ आठ फुटांचा होता’ असं कुणी सांगितलं तर?” तो हसला. मी म्हटलं, “तज्ज्ञाचंही असंच असतं. काय लिहिलंय ते बघायचं, पण लिहिताना तो कशावर उभा होता तेही बघायचं.”

आजच्या भागाचा मुद्दा एवढाच आहे. हा माणूस विश्वासू का खोटारडा, असा सरसकट निकाल द्यायचा नाही. वाक्य वेगळं काढायचं आणि विचारायचं, हे वाक्य बोलणारा तेव्हा कुठे उभा होता?

खरा वैमानिक, चुकीचं इंजिन

यासाठी सगळ्यात चांगलं उदाहरण २००८ चं आहे. त्या वर्षी आपली सुखोई-३० एमकेआय विमानं अमेरिकेत ‘रेड फ्लॅग’ नावाच्या मोठ्या सरावाला गेली होती, नेवाडातल्या नेलिस तळावर. म्हणजे जी सुखोई आपल्या नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या कारखान्यात तयार झाली आणि लोहगाव तळामुळे पुणेकरांना जिचा आवाज पाठ आहे, तीच.

सराव संपल्यावर काही महिन्यांत यूट्यूबवर एक व्हिडिओ फिरू लागला. अमेरिकी हवाई दलाचा कर्नल टेरेन्स फोर्नॉफ, स्वतः एफ-१५ चा वैमानिक, निवृत्त वैमानिकांच्या एका बैठकीत गप्पा मारतोय. विषय, भारतीय सुखोई कशी वाटली. आता याच्याहून मोठा तज्ज्ञ कुठे मिळणार? वर्दीतला माणूस, लढाऊ विमानाचा वैमानिक, आणि सरावाच्या तळावरचाच.

पण ऐकताना कान टवकारले जातात. तो म्हणतो सुखोईला तुमान्स्की इंजिनं आहेत. साफ चूक. सुखोई-३० एमकेआयला एएल-३१एफपी इंजिनं असतात. तुमान्स्कीची इंजिनं आपल्या मिग-२१ ला होती. ही माहिती कुठल्याही विमानवेड्या पोराला तोंडपाठ असते आणि कर्नलसाहेबांनी ती चुकवली.

मग कमेंटमध्ये दोन पार्ट्या पडल्या. एक म्हणे, “इंजिन माहीत नाही, म्हणजे सगळंच खोटं.” दुसरी म्हणे, “एफ-१५ चा वैमानिक आहे, तुम्ही कोण त्याला शिकवणार?” मला विचाराल तर दोन्ही चूक.

फोर्नॉफच्या बोलण्याचे तीन ढीग करून बघा. पहिला, धावपट्टीवर दिसणारं. भारतीय विमानं एकामागून एक उडताना जास्त अंतर ठेवतात, कारण धावपट्टीवरचा खडा-कचरा इंजिनात जायची भीती. हे तळावर उभं राहून दिसतं, इथे त्याचा शब्द वजनदार. भारतीय वैमानिक शिस्तीचे आहेत असं कौतुकही त्याने केलं, तेही याच ढिगातलं.

दुसरा ढीग, सरावात काय घडलं. तो सांगतो की भारतीय विमानांनी आपल्याच बाजूची विमानं चुकून ‘पाडली’. यातला निकाल खरा असू शकतो, पण कारण त्यात येत नाही. आपल्या सुखोईची डेटालिंक अमेरिकेच्या यंत्रणेला जोडलेलीच नव्हती, त्यामुळे कोण आपलं आणि कोण परकं हे पडद्यावर आपोआप दिसत नव्हतं. रडारही पूर्ण क्षमतेने वापरलं नव्हतं. तिथे हजर असलेल्या एका भारतीय पत्रकाराने नंतर आणखी एक गोष्ट लिहिली: एकास-एक झुंजी रेड फ्लॅगमध्ये झाल्याच नव्हत्या, त्या आधीच्या आयडाहोतल्या सरावात झाल्या. व्हिडिओ ऐकणाऱ्यांच्या डोक्यात मात्र दोन्हींची खिचडी झाली.

तिसरा ढीग, इंजिन, रडार, आतली यंत्रसामग्री. हे त्याने उघडून पाहिलेलं नव्हतं. ते कुठूनतरी ऐकलेलं, वाचलेलं. आणि चूक नेमकी तिथेच झाली.

म्हणजे माणूस एकच, बैठक एकच, पण विश्वासाची पातळी तीन. आम्ही कोडमध्ये काय करतो? एका फंक्शनमध्ये बग सापडला म्हणून अख्खं ॲप डिलीट करत नाही. आणि एक फंक्शन नीट चाललं म्हणून बाकीचं न तपासता रिलीजही करत नाही.

‘माझ्या लॅपटॉपवर तर चालतंय’

आमच्या धंद्यातलं हे सगळ्यात बदनाम वाक्य. तुमच्या लॅपटॉपवर चालतंय, पण कुठल्या परिस्थितीत? फायटर जेटच्या रिव्ह्यूमध्ये हीच गल्लत होते, फक्त ती जास्त महागात पडते.

२००४, ग्वाल्हेर. ‘कोप इंडिया’ नावाचा भारत-अमेरिका सराव. अलास्काहून एफ-१५सी आली, समोर आपली सुखोई-३०, मिराज-२०००, मिग-२१ बायसन. नंतर अमेरिकी संसदेतल्या ड्यूक कनिंगहॅम या सदस्याने सांगितलं की आपली एफ-१५ नव्वद टक्के वेळा हरली. कनिंगहॅम स्वतः व्हिएतनाम युद्धातला नावाजलेला फायटर पायलट. झालं! आजही रील्समध्ये फिरतं, ‘भारताने अमेरिकेला ९०% हरवलं’.

आता नियम बघा. अमेरिकी विमानांसमोर साधारण एकास तीन अशी भारतीय विमानं होती. लांबून मारा करणारं ॲमराम क्षेपणास्त्र अमेरिकेने त्या सरावात पूर्ण ताकदीने वापरायचं नाही असं ठरलं होतं. आणि आपण नेलेली सुखोई ही जुनी ‘के’ आवृत्ती होती, ‘एमकेआय’ नव्हे. आपले वैमानिक चांगले उडाले हे अमेरिकनांनीही मान्य केलं, त्याचा अभिमान बाळगा. पण ‘नव्वद टक्के’ हा आकडा त्या नियमांच्या बाहेर काढला की निरर्थक होतो. शिवाय त्या वेळी अमेरिकेत नव्या एफ-२२ विमानासाठी पैसे मंजूर करून घेण्याचा वाद चालू होता. ‘आपली जुनी विमानं हरताहेत’ हे वाक्य तेव्हा कुणाच्या कामाचं होतं, एवढं फक्त डोक्यात ठेवा.

२०१५ ला याचा उलटा प्रकार झाला. ब्रिटनमध्ये ‘इंद्रधनुष’ सराव. आपल्याकडे बातमी आली, सुखोईने टायफूनला १२-० ने धुतलं. ब्रिटिश वर्तमानपत्रांत तिकडच्या सूत्रांनी ते हसण्यावारी नेलं. यात भारतीय बाजूचा दावा नीट वाचला तर तो जवळच्या झुंजींपुरता होता, जिथे सुखोईचं वळण घेण्याचं कसब कामी येतं. लांब पल्ल्याच्या मोठ्या सरावात निकाल इतका एकतर्फी नव्हता हे आपल्याच लोकांनी सांगितलं होतं. बातमीचं शीर्षक होईपर्यंत ‘जवळच्या झुंजीत’ हे शब्द गळून पडले. क्रिकेटमध्ये नेट प्रॅक्टिसचा स्कोअर कुणी वर्ल्ड कपचा म्हणून सांगत नाही. इथे मात्र सर्रास सांगतात.

कंपनीच्या पत्रकावरचे आकडेही तसेच. बाइकचं मायलेज कंपनी सांगते ते वेगळं, आणि तिघं बसून अजिंठ्याचा घाट चढताना मिळतं ते वेगळं. विमानाचा सर्वाधिक वेग सांगतात तो पंखाखाली फारसं काही न लटकवता. सर्वाधिक पल्ला सांगतात तो जास्तीच्या टाक्या लावून. आणि सर्वाधिक शस्त्रभार सांगतात तो सगळ्या जागा भरून. हे तिन्ही एकाच उड्डाणात मिळत नाहीत. जो तज्ज्ञ तिन्ही आकडे एका तक्त्यात मांडून “हे विमान जिंकलं” म्हणतो, त्याने पत्रक वाचलंय, विमान नाही.

व्हर्जन बघा, तारीख बघा

काकूंच्या व्हिडिओत एक जोरदार मुद्दा होता: “कॅगने तेजसमध्ये ५३ त्रुटी दाखवल्यात!” हे खोटं नाही. कॅगचा तो अहवाल २०१५ मध्ये संसदेत आला. तेजस मार्क-१ हवाई दलाच्या मूळ अपेक्षांना पुरं पडत नाही आणि त्याला ५३ सवलती द्याव्या लागल्या, असं त्यात स्पष्ट आहे.

पण अहवाल २०१५ चा, आणि विमान मार्क-१. हवाई दलाने २०२१ मध्ये ८३ विमानांची ऑर्डर दिली त्यातली ७३ मार्क-१ए ची. त्यात नवं रडार आहे, शत्रूच्या रडारला गोंधळात टाकणारी नवी यंत्रणा आहे. १७ ऑक्टोबर २०२५ ला ओझरहून पहिल्यांदा उडालं ते हेच मार्क-१ए. दहा वर्षांपूर्वीच्या व्हर्जनचा बग रिपोर्ट आजच्या व्हर्जनला तसाच चिकटवला, तर आमचा टीम लीड आम्हाला मीटिंगमध्ये उभं करेल.

थांबा, दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर मीही तसाच तज्ज्ञ व्हायचो. मार्क-१ए आलं म्हणजे सगळं ठीक झालं, असंही नाही. ही विमानं २०२४ पासून हवाई दलाला मिळायला हवी होती, ती लांबली. या ऑर्डरचं पहिलं इंजिन अमेरिकेहून आलं तेच मार्च २०२५ मध्ये. ओझरच्या पहिल्या उड्डाणाचं कौतुक करणाऱ्या तज्ज्ञाने उशिराबद्दल चकार शब्द काढला नसेल, तर तोही अर्धंच सांगतोय. आणि तो त्याच दमात शेअर घ्यायला सांगत असेल, तर तो विमानाचा रिव्ह्यू नाहीच.

पहिल्या रात्रीचा ठामपणा

आता दुबईकडे येतो. जपून बोलतो, कारण यात एका घरातला माणूस गेलाय.

अपघाताच्या आधी त्याच एअर शोमधला एक व्हिडिओ फिरत होता, ‘तेजसमधून ऑइल गळतंय’. सरकारच्या पीआयबीने खुलासा केला की ते पाणी आहे. विमानातली हवा थंड करणारी आणि वैमानिकाला ऑक्सिजन पुरवणारी यंत्रणा चालली की आत पाणी जमतं, ते मुद्दाम सोडून देतात. सरकारी खुलासा म्हणून डोळे झाकून मानू नका, स्वतः विचार करा. दमट हवेत एसी लावून थांबलेल्या कारखाली पाणी टपकतं की नाही? कारण साधं आहे, आणि विमान माहीत असलेल्या कुणालाही तपासता येणारं आहे. म्हणून मला पटलं.

पण विमान पडल्यावर तोच व्हिडिओ पुन्हा वर आला, “बघा, आधीच गळत होतं!” एकामागून एक घडलं म्हणजे एकामुळे दुसरं घडलं, असं होत नाही. हवाई दलाने त्याच दिवशी चौकशी समिती नेमली. ज्यांच्या हातात अवशेष आणि नोंदी, ते तपासतो म्हणत होते. ज्यांच्या हातात फक्त मोबाइलवरचा व्हिडिओ, त्यांना रात्रीपर्यंत कारण कळलं होतं.

आणि ‘शवपेटी’? तेजसचं पहिलं उड्डाण ४ जानेवारी २००१ चं. पहिला अपघात मार्च २०२४ मध्ये जैसलमेरजवळ, त्यात वैमानिक सुखरूप बाहेर पडला. दुसरा दुबईचा. विमान सुरक्षित का धोक्याचं हे ठरवताना जाणकार किती तास उड्डाणामागे किती अपघात असा हिशोब करतात. त्या व्हिडिओत उड्डाणाचे तास हा शब्दच नव्हता.

वहीतले तीन रकाने

संध्याकाळी काकू, धाकटा आणि मी ओट्यावर बसलो. वहीत तीन रकाने आखले: ‘पाहिलेलं’, ‘वाचलेलं-ऐकलेलं’, ‘अंदाज’. व्हिडिओ थांबवत थांबवत त्या अधिकाऱ्याचं एकेक वाक्य लिहीत गेलो. कुठलं वाक्य कुठे जाईल हे काकूच सांगायच्या. “हे कुठून कळलं त्याला? तो होता का तिथं? मग टाक अंदाजात.” मला वाटलं नव्हतं त्या इतक्या कडक निघतील.

अपघाताच्या कारणाबद्दलची सगळी वाक्यं तिसऱ्या रकान्यात गेली. तेजसच्या यंत्रणेबद्दलची बहुतेक दुसऱ्यात. मला वाटलं, झालं काम, व्हिडिओ बाद.

पण बाराव्या-तेराव्या मिनिटाला तो स्वतःबद्दल बोलायला लागला. हा भाग कुणी पाहतच नाही, थंबनेलमध्ये तो नव्हता. खडकवासल्याची तीन वर्षं, मग दुंडीगलच्या अकादमीतलं उड्डाणाचं शिक्षण. किती मुलं मध्येच गळतात, पहिल्यांदा एकट्याने विमान उडवताना काय होतं, सोबतचा मित्र गेल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा कॉकपिटमध्ये कसं बसावं लागतं. आवाज खाली आला होता. शब्द साधे झाले होते. पहिला रकाना भरायला लागला.

काकूंनी तो भाग दोनदा लावायला सांगितला. मग बराच वेळ गप्प बसल्या. मला वाटलं आता नक्की नाही म्हणणार, कारण हा भाग थंबनेलपेक्षा जास्त घाबरवणारा होता. हा खरा होता ना.

उठताना म्हणाल्या, “विमान वाईट आहे म्हणून नको म्हणत होते मी. ते काय मला कळत नाही. काम धोक्याचं आहे, हे कळलं. पण ते त्यालाही कळलं पाहिजे.” आणि धाकट्याला म्हणाल्या, “तू पण ऐकलंस ना पूर्ण? मग भर.”

त्याने भरला. पुढे परीक्षा आहे, मुलाखत आहे, मेडिकल आहे, काय होईल ते होईल. काकूंची भीती गेलेली नाही, आणि ती घालवणं माझं कामही नव्हतं. फक्त ती भीती आता एका लाल थंबनेलवर उभी नाही.

तर मंडळी, पुढचा फायटर जेटचा रिव्ह्यू पाहाल तेव्हा वही नसली तरी चालेल, मनात रकाने आखा. बोलणाऱ्याने काय स्वतः पाहिलं, कुठल्या व्हर्जनबद्दल बोलतोय, सरावाचे नियम सांगितले का, त्यातून कुणाचा फायदा आहे, आणि ‘हे मला माहीत नाही’ असं एकदा तरी म्हणाला का. शेवटचं विशेष करून बघा. अठरा मिनिटांत एकदाही ते न म्हणणारा माणूस दिसला, की मला जॉन स्मिथची सही आठवते. उंच दिसते खरी, पण खालचा ढिगारा कुणीतरी काढलेला असतो.

तुमच्या घरच्या ग्रुपवर असा एखादा व्हिडिओ फिरत असेल तर लिंक पाठवा, पुढच्या भागात मिळून रकाने भरू. तोवर ऐकत राहा, आणि थांबवून थांबवून ऐका.